हॉप्लाइटच्या ढाली पांढऱ्या का पडतात? आधी थर ओळखा, मग बाटली उघडा

फेब्रुवारीत रंगवलेले माझे पहिले चोवीस हॉप्लाइट, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातले प्राचीन ग्रीक पायदळाचे छोटे शिपाई, आजही कपाटात ताठ उभे आहेत. काळ्या ढाली, त्यांवर हेराक्लीसची गदा, कडेला कांस्याची चमक. जुलैत पुढचे चोवीस घेतले. रंग तेच, डेकलचं (पाण्यात भिजवून ढालीवर सरकवायच्या छापील चित्रांचं) पान तेच, मॅट वार्निशचा डबासुद्धा तोच. रात्री फवारणी करून झोपलो. सकाळी पाहतो तर अर्ध्याहून जास्त ढालींवर कुणी पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसत होतं.

मी ठाण्याला राहतो. जुलैतली हवा कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, मिठाच्या बरणीलाच पाणी सुटतं. तेव्हा दोष पावसाला देऊन मी मोकळा झालो. कुठे तरी वाचलेला उपाय केला, म्हणजे सगळ्या ढालींवर ब्रशने चकचकीत वार्निश फिरवलं. काही ढाली चुटकीसरशी पूर्ववत काळ्या झाल्या. काहींवर ढिम्म फरक नाही. आणि चार-पाच ढालींची तर गंमतच झाली: कडा काळ्या झाल्या, पण गदेभोवतीचं पांढरट वलय जिथल्या तिथे राहिलं.

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत हाच घोळ मी स्वतःच्या आणि मित्रांच्या टेबलावर इतक्यांदा पाहिला, की आता कुणी "ढाली पांढऱ्या पडल्यात रे" म्हणालं की मी उपाय सांगत नाही, आधी विचारतो: पांढरं नक्की कुठल्या थरात आहे? डेकलच्या खाली, डेकलच्या वर, की वार्निशमध्येच? दिसायला तिन्ही सारखे, पण कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर बरी असलेली ढालही हातची जाते.

ओल्या ब्रशची तपासणी

वार्निश, स्पिरिट, तेल काहीही लावायच्या आधी हे करा. स्वच्छ मऊ ब्रश साध्या पाण्यात बुडवून ढालीच्या पांढऱ्या भागावर पाण्याचा पातळ थर पसरा आणि दिव्याखाली तिरकं धरून बघा.

पाणी असेपर्यंत पांढरेपणा गायब झाला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे. बाथरूमच्या दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पाणी उडालं की तेवढाच भाग आरपार दिसायला लागतो, तसंच हे. खरखरीत पृष्ठभाग प्रकाश इकडेतिकडे उधळतो म्हणून पांढरा दिसतो. पाणी त्यातले खड्डे भरून काढतं.

पाणी असतानाही पांढरं तसंच राहिलं, तर ते डेकलच्या पातळ पापुद्र्याखाली आहे. तिथे हवा अडकली आहे. वरून ओतलेलं पाणी तिथे पोहोचतच नाही, मग वरून मारलेलं वार्निश तरी कसं पोहोचणार? माझ्या ज्या ढालींवर ढिम्म फरक पडला नव्हता, त्या या जातीच्या.

पाण्याने गायब होणाऱ्यांतही दोन पोटजाती आहेत. त्यासाठी ढाल सोडून बाकीच्या शिपायाकडे बघा. शिरस्त्राण, अंगरखा, पिंढऱ्या, सगळीकडेच तो पिठूळपणा असेल तर वार्निश फुटलंय, म्हणजे सुकताना पांढरट झालंय. फक्त ढालीवर, तेही डेकलच्या कडेने किंवा थेंब सुकल्यासारख्या गोल डागांत असेल, तर पाण्यातले क्षार किंवा डेकलचा डिंक आहे.

एकाच ढालीवर दोन दोष असू शकतात. कडा काळ्या झाल्या पण वलय राहिलं, ते यामुळेच. वर वार्निश फुटलेलं होतं आणि खाली हवा होती. मी वरचा रोग बरा केला आणि खालचा उघडा पडला.

डेकलखालची हवा

तीनपैकी हा सगळ्यात चिवट प्रकार, आणि ग्रीक सैन्याला तो बाकीच्यांपेक्षा जास्त छळतो. कारण ढालीचा आकार.

हॉप्लाइटची ढाल, म्हणजे अस्पिस, साधारण ८० ते १०० सेंटिमीटर व्यासाची असायची. लाकडाचं खोलगट भांडं आणि भोवती सपाट, रुंद कड. डावा हात मधल्या कड्यातून कोपरापर्यंत आत जायचा आणि मूठ कडेजवळची दोरी धरायची. खोलगटपणामुळे ढालीची वरची कड खांद्यावर टेकवता येई, नाही तर सहा-सात किलोचं ते ओझं तासन्‌तास कोण धरणार? शिपायाला जो आकार सोयीचा, तोच डेकल लावणाऱ्याच्या मुळावर येतो.

मोदकाची पारी आठवा. सपाट पारीची वाटी करायला गेलं की कडेला जास्तीची उकड जमते, म्हणून तर आपण तिच्या कळ्या पाडतो. डेकलचंही तेच. साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या शिपायांच्या मापात ढालीचा फुगीर भाग साधारण १४ मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर उंचीचा धरा. त्या फुगीरावर पूर्ण बसणारं गोल डेकल सपाट असताना कडेने सुमारे ४६.३ मिलिमीटर भरतं, पण ढालीच्या त्या भागाचा घेर आहे जेमतेम ४४. म्हणजे जवळजवळ २.४ मिलिमीटर पापुद्रा कडेला जास्तीचा आहे आणि त्याला जायला जागा नाही. तो कुठेतरी चुणी पाडणार, आणि चुणीखाली हवा राहणार. रोमन सैन्याच्या लांबट ढाली एकाच दिशेने वाकलेल्या असतात. त्यांवर कागद गुंडाळल्यासारखं डेकल बसतं. वाटीवर ते होत नाही. तुमचा हात वाईट नाही, भूमितीच तशी आहे.

दुसरं कारण म्हणजे खालचा खरखरीत रंग. आपले बहुतेक अ‍ॅक्रिलिक रंग मॅट असतात. डोळ्याला सपाट दिसणारा तो पृष्ठभाग डेकलच्या दृष्टीने डोंगराळ प्रदेश आहे. पापुद्रा शिखरांना चिकटतो, दऱ्यांत हवा राहते. जुलैत मी नेमकी इथे चूक केली होती. फेब्रुवारीत डेकलच्या आधी चकचकीत वार्निशचे दोन हात दिले होते. जुलैत ते लवकर सुकेना, बोटाला चिकचिक लागायला लागली, तेव्हा "एवढ्याने काय होतंय" म्हणून ती पायरीच गाळली. वार्निशच्या डब्याला मी आठवडाभर शिव्या घातल्या, आणि निम्मा गुन्हा माझा होता.

*झालेलं कसं सुधारायचं.* वरून अजून मॅट वार्निश मारलं नसेल तर काम सोपं आहे. बारीक सुईने पांढऱ्या भागात पाच-सहा टोचे मारा. मोठी चुणी असेल तर कोऱ्या ब्लेडने चुणीच्याच रेषेत एक छेद द्या. ब्लेड जुनं असेल तर कापणार नाही, पापुद्रा ओढत नेईल. मग त्यावर डेकल मऊ करणारं द्रावण सोडा. मायक्रोस्केल कंपनीच्या दोन बाटल्या येतात, निळी मायक्रो सेट आणि लाल मायक्रो सोल. इथे लाल लागते. द्रावण टोच्यांतून आत शिरतं, पापुद्रा मऊ होतो आणि खालच्या खड्ड्यांत बसतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तो भयानक सुरकुततो. इथेच लोक घाबरून बोट लावतात आणि गदेचा चिखल करतात. हात मागे बांधून बसा. सुकता सुकता तो आपोआप ताणला जातो. एका फेरीत हवा पूर्ण जात नाही. तीन-चार फेऱ्या लागू शकतात, आणि दर फेरीनंतर पूर्ण सुकू द्यायचं.

वार्निश मारून झालं असेल तर द्रावणाला आत जायला टोचे सोडून वाट नाही. दोनदा करून बघा. नाही जमलं तर मी सरळ रंगाचा डबा उघडतो. ढालीची पार्श्वभूमी एकरंगी असेल तर गदेच्या अगदी कडेपर्यंत त्याच काळ्या रंगाने पुन्हा रंगवून टाकायचं. हवा तिथेच राहते, फक्त दिसत नाही. फसवणूक आहे, पण तीन फुटांवरून बघणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला कळत नाही. गॉर्गनचा (केसांच्या जागी साप असलेल्या ग्रीक राक्षसीचा) चेहरा, पंख पसरलेला गरुड असं ढालभर चित्र असेल तर ही युक्ती चालत नाही. मग डेकल खरवडून नवं लावणं आलं.

*पुढच्या वेळी होऊ नये म्हणून.* ढाल हाताला चिकटवायच्या आधीच रंगवून डेकल लावून घ्या. टूथपिकच्या टोकाला ब्लू-टॅकचा (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याचा) गोळा लावून त्यावर ढाल बसवली की चहूबाजूंनी फिरवता येते. पाठीमागे जिथे गोंद लागणार तेवढी जागा रंगाविना ठेवा. चकचकीत वार्निशचे दोन पातळ हात द्या आणि रात्रभर सुकू द्या. पावसाळ्यात दोन दिवस. बोटाला किंचितही चिकट लागलं तर थांबा.

डेकल कापताना चित्राभोवतीचा जास्तीचा पारदर्शक पापुद्रा शक्य तितका काढून टाका. नुसती गदा असेल तर काम इथेच संपतं; तिचा आकार अरुंद, तिला वाटीचा वळसा फारसा जाणवत नाही. ढालभर गोल डेकल असेल तर मात्र कडेपासून आत, त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत चार छेद द्या. २.४ मिलिमीटर चौघांत वाटले की प्रत्येक छेदावर जेमतेम ०.६ मिलिमीटर पापुद्रा एकमेकांवर चढतो, आणि तेवढं मायक्रो सोल सहज गिळतं. छेद कुठे द्यायचे ते चित्र बघून ठरवा. गॉर्गनच्या केसांच्या बटांमध्ये, सिंहाच्या पायांच्या मधल्या जागेत, असे. चेहऱ्यातून छेद गेला तर नंतर ब्रशने डागडुजी करताना नाकी नऊ येतात.

ढालीवर आधी निळ्या बाटलीचा एक थेंब, त्यावर डेकल सरकवा, जागेवर आणा, ओल्या ब्रशने मधून कडेकडे हलके दाबत पाणी बाहेर काढा, आणि टिपकागदाच्या कोपऱ्याने टिपा. पुसू नका, टिपा. दहा मिनिटांनी लाल बाटली.

बाजारात दुसऱ्या जातीचे ट्रान्सफरही मिळतात. त्यांवरची पारदर्शक फिल्म काढली की चिकट बाजू उघडी पडते, ते उलटं ढालीवर दाबायचं आणि पाठीमागचा कागद भिजवून सरकवून घ्यायचा. हे लावल्यावर जागा बदलता येत नाही, पहिला घाव तोच शेवटचा. पण नीट बसले तर चित्र रंगवल्यासारखं दिसतं. छेदांचं गणित त्यांनाही लागू आहे. शाई पातळ असते, त्यामुळे खाली पांढरा रंग असलेला बरा.

पाण्याचे डाग

याला फार शब्द खर्च करायची गरज नाही. पुण्यातल्या एका मित्राच्या सगळ्या स्पार्टन ढालींवर लॅम्डा या ग्रीक अक्षराभोवती राखाडी रांगोळी उमटायची. त्याच्या सोसायटीत बोअरचं पाणी. नळाच्या तोटीवर पांढरा थर साचतो तोच क्षार डेकलच्या वाटीत, मग ब्रशवर, मग ढालीवर. तो वार्निशच्या तीन कंपन्या बदलून बसला होता. मेडिकलच्या दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं. एक बाटली सगळ्या सैन्याला पुरून उरली.

झालेल्या डागांवर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळून इअरबडने हलक्या हाताने फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा. क्षार विरघळतो. डेकल पूर्ण सुकून बसलेलं असेल तरच हे करा. डाग क्षाराचा नसून डिंकाचा असेल, म्हणजे पिवळसर, चमकदार कडा असेल, तर कोमट ओल्या ब्रशनेच जातो.

मी एकदा घाईत फिल्टरचं पाणी वापरलं. चाललं. पण सगळे फिल्टर क्षार काढत नाहीत, तेव्हा घरच्या फिल्टरवर विश्वास ठेवण्याआधी एक थेंब काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर सुकवून बघा.

फुटलेलं वार्निश

आता पावसाची बाजू. स्प्रेच्या डब्यातून वार्निश बाहेर पडतं तेव्हा त्यातला द्रावक झपाट्याने उडून जातो, आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमतं, थंडगार ताकाच्या पेल्यावर जमतं तसं. अजून न सुकलेल्या वार्निशमध्ये ते अडकतं आणि सगळं दुधाळ होतं. म्हणजे वार्निश खराब नाही, डबा बनावट नाही, मुहूर्त चुकलाय.

पण सगळंच पावसाच्या माथी मारू नका. वार्निश मॅट होतं ते त्यात मिसळलेल्या बारीक पावडरीमुळे. ती डब्याच्या तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही तर आधी नुसता द्रावक येतो आणि शेवटी पावडरीचा गोळा. मी घड्याळ लावून तीन मिनिटं हलवतो. मनातल्या तीन मिनिटांवर माझा विश्वास नाही, ती चाळीस सेकंदांत संपतात. तसंच फार लांबून फवारलं तर थेंब हवेतच सुकून धुळीसारखे बसतात, हा प्रकार मे महिन्याच्या कोरड्या दुपारी नागपुरातही होतो. वीस ते तीस सेंटिमीटर अंतर, आणि हात सतत फिरता. एकाच जागी थांबून जाड थर दिला तर पावडर ढालीच्या कडेच्या खोबणीत साचते आणि तिथे पांढरी रेघ उमटते.

*झालेलं कसं सुधारायचं.* ब्रशने चकचकीत वार्निशचा एक हात. बहुतेक वेळा पिठूळपणा तिथल्या तिथे विरघळल्यासारखा जातो, कारण खरखरीत खड्डे भरून निघतात. शिपाई काचेसारखा चमकेल, घाबरू नका. कोरडा दिवस बघून पुन्हा मॅट मारायचं. खूप खोलवर दुधाळ झालं असेल तर दोन हात लागतात. त्यानेही गेलं नाही तर ओल्या ब्रशची तपासणी पुन्हा करा, बहुधा खाली हवा निघेल.

ऑलिव्ह तेल चोळायचा एक घरगुती उपाय फिरत असतो. तेल लावलं की खरंच काळं दिसतं, पाण्याने दिसतं त्याच कारणाने. पण तेलावर पुढचं वार्निश धरत नाही आणि धूळ बसते. कपाटात बंद ठेवायच्या एखाद्या मूर्तीला ठीक. ज्या शिपायांना दर रविवारी चार माणसांचे हात लागणार, त्यांना नको. आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा मोह तर मुळीच नको. ते वार्निशआधी अ‍ॅक्रिलिक रंगच उचलून घेतं. हे मला कसं माहीत ते विचारू नका, त्या बिचाऱ्याला मी आता प्रेत म्हणून बेसवर आडवा चिकटवलाय.

*पुढच्या वेळी.* आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ काही शे रुपयांत मिळतं. माझी लक्ष्मणरेषा ६० टक्के. मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर ती रेषा बाहेरच्या हवेत जवळपास सापडतच नाही, म्हणून त्या चार महिन्यांत मी स्प्रे कपाटातून काढत नाही. ब्रशने लावायचं पाण्यात मिसळणारं मॅट वार्निश वापरतो. त्यात द्रावक झपाट्याने उडण्याचा प्रकार नाही, त्यामुळे बाष्प जमत नाही. तिथेही पावडर तळाशी बसतेच. बाटलीत स्टीलची एक छोटी गोळी टाकून ठेवली की हलवताना ढवळलं जातं. दोन पातळ हात, आणि ढालीच्या कडेच्या आतल्या खोबणीत साचू न देणं. साचलं की कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचं.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) असेल आणि एसीची खोली असेल तर सोन्याहून पिवळं. एसी हवेतलं पाणी खेचून घेतो. तासभर एसी चालवा, घड्याळ बघा, मग काम. मास्क मात्र हवाच. स्प्रेचा डबा बंद खोलीत मारायचा विचार सोडून द्या, त्याच्या वाफेपेक्षा पांढरी ढाल परवडली.

जे पांढरं नसून निस्तेज आहे

तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींच्या ढाली पांढऱ्या नसतातच, त्यांच्या कडेचं कांस्य मेलेलं असतं. धातूच्या रंगावर मॅट वार्निश बसलं की त्यातली चमक विझते आणि ते मातकट दिसतं. हा दोष नव्हे, मॅट वार्निशचं कामच ते आहे. ढालीची कड, शिरस्त्राण, पोटऱ्यांवरचे पत्रे या जागा मॅट वार्निशनंतर रंगवा, किंवा नंतर त्यांवर चकचकीत वार्निशचा एक बारीक हात फिरवा. सगळ्या शिपायांना एकसारखी झळाळी देऊ नका. धूळ तुडवत आलेल्या फळीत चार शिरस्त्राणं काळवंडलेली असली की बाकीची खरी वाटतात.

घरी छापलेली डेकल

परदेशातून डेकल मागवलं तर कधी कधी पानापेक्षा टपाल महाग पडतं, म्हणून बरेच जण डेकल-कागदावर घरी छापतात. इंकजेटची शाई पाण्यात फुटते; छापल्यावर पारदर्शक लॅकर स्प्रेचे दोन-तीन पातळ हात देऊन सुकवल्याशिवाय पाण्यात टाकू नका. लेझरच्या छपाईला ही अडचण कमी. घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून काळ्या ढालीवर पांढरी गदा हवी असेल तर घरचं डेकल विसरा. आणि हा लॅकर लावलेला पापुद्रा विकतच्यापेक्षा जाड असतो, म्हणजे वाटीवर बसायला आणखी नाखूश. मायक्रो सोलही त्याच्यावर कमी चालतं. आधी एका टाकाऊ ढालीवर लावून बघा.

किंवा डेकल नकोच

इथे माझं मत थोडं एकांगी आहे. आपण डेकलच्या मागे लागतो कारण काळ्या-तांबड्या ग्रीक मडक्यांवर ढालींची चित्रं देखणी दिसतात: कोंबडा, साप, तीन पायांचं चक्र, बैलाचं डोकं. पर्शियन युद्धांच्या काळातली, म्हणजे मॅरेथॉन आणि प्लाटियाच्या लढायांची, अथेन्सची फळी उभी करायची तर प्रत्येक ढाल वेगळी हवी, आणि तिथे डेकलला पर्याय नाही हे मान्य. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अथेन्सच्या सोफानेस या योद्ध्याच्या ढालीवर जहाजाच्या नांगराचं चिन्ह होतं असं म्हटलंय. असले हट्ट हाताने पुरवायला डोळे तरुण लागतात.

पण नंतरच्या काळातली नगरराज्यं घेतली तर काम सोपं होतं. सिकिऑनच्या ढालींवर नुसतं सिग्मा अक्षर. झेनोफन या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. ३९२ च्या कॉरिंथच्या लढाईतली हकीकत दिली आहे. पासिमाखस नावाच्या स्पार्टन अधिकाऱ्याने आपल्या बाजूच्या सिकिऑनवाल्यांची दाणादाण उडताना पाहिली, आपल्या स्वारांना खाली उतरवलं, घोडे झाडांना बांधले, सिकिऑनच्या माणसांकडून ढाली घेतल्या आणि त्यांना हरवणाऱ्या आर्गॉसच्या फळीवर चालून गेला. आर्गॉसवाल्यांना समोर सिग्मा दिसले, त्यांना वाटलं सिकिऑनवालेच आहेत, म्हणून ते निर्धास्त राहिले. ही सिग्मा तुम्हाला फसवणार, अशा अर्थाचं काहीसं बोलून तो भिडला. माणसं थोडी होती, तो मारला गेला. पण आपल्या कामाचा मुद्दा असा, की दुरून ओळखू येईल इतकं ठळक आणि सगळ्यांचं एकच चिन्ह त्या ढालींवर होतं. ते रंगवायला ब्रशचे चार फटकारे पुरतात.

माझे हॉप्लाइट थीब्ज या नगरराज्याचे, त्यांची गदाही तशीच. इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईआधी आर्केडियाच्या हॉप्लाइटांनी आपण थीब्जचेच असल्यासारख्या ढालींवर गदा काढून घेतल्या, असं झेनोफनच सांगतो. मोहिमेच्या गडबडीत शिपायांना ती काढता आली, तर आपल्याला टेबलावर, चष्मा लावून, दिव्याखाली का जमू नये? एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळता असा एक फटकारा, वर चार गाठी. तिसऱ्या तुकडीपासून मी डेकल सोडून दिलं. गदा एकसारख्या येत नाहीत, आणि ते मला जास्त आवडतं. ल्युक्ट्राच्या लढाईत थीब्जची फळी किमान पन्नास ढाली खोल होती. तेवढे शिपाई मी टेबलावर कधी उभे करणार नाही, पण जे आहेत त्यांच्या ढाली एकाच छापातून निघाल्यासारख्या दिसू नयेत एवढं तरी हातात आहे.

हाताने रंगवल्यावर डेकलखालची हवा आणि पाण्याचे डाग हे दोन्ही रोग मुळातच संपतात. वार्निशचा राहतो. जुलैच्या तुकडीतली एक ढाल मी मुद्दाम दुरुस्त केली नाही. टूथपिकवर टोचलेली ती पांढरी ढाल रंगांच्या डब्याशेजारी उभी असते. नवा डबा आणला किंवा नवी बाटली उघडली की पहिली फवारणी तिच्या पाठीवर होते, रात्रभर तशीच राहते, आणि सकाळी ती बघितल्याशिवाय शिपायांना हात लावायचा नाही, असा घरात नियम आहे.